बाळूचं जावळ

मंगरूळपीर, नोव्हेंबर १९४१

"एवढं चित्र होऊ द्या बाई, मग खुशाल जावळ काढा," सिनेमा कंपनीचे मालक म्हणाले होते. माझा बाळू तेव्हा सहा वर्षांचा. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून याचं जावळ मी देवीला बोलले होते. ते लांब केस पाहूनच त्यांनी त्याला बालदेवाचं काम दिलं. पुढे तो ऋषिकुमार झाला, मग राजपुत्र. केस राहिले, आणि बाळूही तिकडेच राहिला.

आज वाशीमला त्याचा नवा बोलपट पाहिला. बाहेर जाहिरातीवर त्याचंच तोंड सगळ्यांत मोठं. आत तो कोट घालून आला, केस बारीक कापलेले, मागे वळवलेले. कुणी कापले? कधी? मला साधं कळवावंसंही वाटलं नाही?

"काय सायेब दिसून राह्यला तुमचा बाळू!" शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या. "आता तुमाले ओळखन तरी काय?"

मी हसले. ते केस आत्याने पदरात झेलायचे असतात. त्याची आत्या वारली, म्हणून मीच झेलणार होते. कुठल्या सलूनच्या फरशीवरून झाडले गेले असतील?

आल्याबरोबर पत्र लिहिलं. पुढच्या चित्राचं काम चालू असताना तो डोकं भादरणार नाही, हे मला कळतं. तरी लिहिलंच: बाळू, दोन दिवस घरी ये. आहेत तेवढे केस देवीला देऊ. मी पदर धरते.