खाटेखाटेला फिरणारी खुर्ची

२१ एप्रिल
जव्हारच्या दवाखान्यात दाखल झाले. सूर्यमाळच्या शाळेत बदली होऊन महिनाही झाला नाही, तोच उतारावर घसरले आणि नडगी मोडली. गावाने स्वागत केलं ते पायापासून. बायकांचा वॉर्ड हवेशीर आहे. शेजारच्या खाटेवर दाभोशाच्या रामीआजी. दम्याने बेजार, तरी मी एकटी का राहते इथपर्यंत चौकशी पोचली. नडगीवरची जखम चिघळली म्हणून मला भारी अँटिबायोटिक, ते पोटाला लागू नये म्हणून पित्ताची गोळी. साहेबावर साहेब, तसं औषधावर औषध.

२४ एप्रिल
वॉर्डाची शान म्हणजे संडासाची चाकाची खुर्ची. पाठीवर देणगीदाराचं नाव सोनेरी अक्षरांत. खुर्चीचं काम पाहता मी तरी नाव गुप्त ठेवलं असतं. नळ कोरडे आहेत. टँकर आधी सूर्यमाळच्या पाड्यांवर जातो. तिथलीच मास्तरीण असून मी काय बोलणार? म्हणून आया चंद्रकलामावशी निळ्या बाटलीतलं सॅनिटायझर हातांना चोळतात, फडक्यावर घेऊन खुर्ची पुसतात आणि पुढच्या खाटेला नेतात. मनाने फार चांगल्या. कुणाला ताटकळत ठेवत नाहीत.

२७ एप्रिल
दारापाशीच्या खाटेवर कोंडीबाईंना जुलाब सुरू झाले. मग त्यांच्या शेजारच्या पोशीला. वास तबेल्यासारखा. खुर्ची जाते तिकडे तोही जातो.
डॉक्टर नीतांना गाठलं. त्या म्हणाल्या, अँटिबायोटिकने आतड्यातले भले जंतू मरतात आणि मोकळ्या घरात हा जुलाबाचा जंतू शिरतो. उतारवय, लांबलेला मुक्काम, पित्ताची गोळी, सगळं त्याच्या सोयीचं. सॅनिटायझरला तो भीक घालत नाही. खुर्ची ब्लीचने धुवायची, हात साबण-पाण्याने. पाणी कुठून, विचारलं. टँकरवाल्याला फोन लावते, म्हणाल्या. चंद्रकलामावशींना त्यांनी बजावलंही. मावशी म्हणाल्या, बाटलीवर लिवलंय ना सगळं जंतू मरतात म्हणून.

२९ एप्रिल
आजींच्या सुनेने, काळीने, नागलीची आंबील आणली. पी गं बाय, पोट गार पडंल, आजींचा हुकूम. प्यायले. नीतांनी माझी पित्ताची गोळी थांबवली आणि भल्या जंतूंची कॅप्सूल दिली. अँटिबायोटिकसोबत पहिल्यापासून घेतली तर काहींना राखते, हमी नाही. मला उशीरच झालाय, म्हणाल्या. आजींना मात्र तीही नको. दम्याच्या स्टेरॉइडने अंगातली प्रतिकारशक्ती खाल्लेली, भले जंतूही उलटायचे; त्यात आजपासून अँटिबायोटिक. हा जंतू लागला तर आजी उठायच्या नाहीत.

३० एप्रिल
कोंडीबाई गेल्या. खाट पुसली. निळ्या बाटलीने.

१ मे
पोटात पीळ. ताप. तबेला आता माझ्याच खाटेवर आहे.
यापुढची खाट आजींची.

२ मे
नीता पाण्यासाठी आणि ब्लीचसाठी भांडायला गेल्यात. मी ओढणीने खुर्ची माझ्या खाटेला बांधली. धुतल्याशिवाय हलणार नाही, असं मावशींना सांगितलं. बाईंच्या डोक्यात ताप गेलाय, म्हणाल्या. गेला असेल. गाठ पक्की आहे.

३ मे
जीभ टाळूला चिकटलीय. चाक कुरकुरतं — बांधलेलं असूनही —
आजी विचारतायत, बाई, खुर्चीला का बांधून घातलंस, ढोर हाय का ती? हसू आलं. आवाज नाही आला.

दुपार
मावशी आल्या. आजींना घाई लागलीय. निळी बाटली — फडकं —
गाठ सोडतायत. प्रेमाने. कपाळावरून माझ्या हात फिरवला, त्याच हाताने —
ओरडतेय. फुटत नाही.
मावशींना वाचता येतं. हे पान फाडून त्यांच्या तोंडासमोर धरणार. मोठ्या अक्षरांत —

खुर्ची थांबवा. आधी साबण. आधी पा