रात्रीची विमानं आणि गाजरं

अब्बा, तुमच्या गाजरांची गोष्ट मला इथे रियाधमध्ये, चहा गाळताना कळली. तुमचा नातू आता चौदा वर्षांचा आहे. शाळेसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या रात्रीच्या लढाऊ विमानांवर काहीतरी तयार करत होता आणि ओट्याशी उभा राहून मला वाचून दाखवत होता. वैमानिक गाजरं खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं, ही म्हणे इंग्रजांनी मुद्दाम उठवलेली आवई होती. विमानात बसवलेल्या रडारचा शत्रूला सुगावा लागू नये म्हणून. "अम्मी, सब झूठ था," म्हणत तो हसला. मला हसू येईना. दर बाजाराला पिशवीभर गाजरं घेऊन येणारे तुम्ही आठवलात. आई म्हणायची, या घरात माणसं राहतात की ससे? तुम्ही एक मला द्यायचात आणि चार स्वतः खायचात.

विमानांची ओळख मला तुम्हीच करून दिलीत. तरुणपणी तुम्ही मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि तिथला एक म्हातारा गोरा अधिकारी लढाईत अशा विमानात मागे बसत असे. त्याचं सगळं तुम्हाला पाठ. आधी नुसत्या डोळ्यांवर भिस्त होती, खालून प्रकाशझोत सोडायचे आणि वर वैमानिक चाचपडायचा. मग जमिनीवरचे रडारवाले रेडिओवरून वाट सांगू लागले, पण शेवटचे दोन-चार मैल त्याचे त्यालाच. म्हणून यंत्रच विमानात चढवलं. ते एवढं अवजड की लहान विमानाला झेपेना, मग दोन इंजिनांची मोठी विमानं घेतली आणि यंत्र बघायला दुसरा माणूस बसवला. पुढचा चालवणार, पण त्याच्यापुढे अंधार. दुसरा पडद्यावरच्या ठिपक्यात डोकं घालून सांगणार, डावीकडे, अजून, आता हळू. विमानं आधी काळीकुट्ट रंगवली, तर ती आभाळात उलट उठून दिसायला लागली, तेव्हा राखाडी केली. एवढं सांगून झालं की तुम्ही मांडी थोपटून हसायचात, गोऱ्यांनाही चुकून शिकावं लागतं म्हणून.

पुढे तुम्ही खाडीवर प्रवासी लाँचचे तांडेल झालात. थंडीच्या दिवसांत शेवटच्या फेरीला अंधार पडायचा, आणि त्या फेरीला तुम्ही मला न्यायचात. सुकाणूशी तुम्ही, तुमच्या मागे उंच खोक्यावर मी. तुम्ही वैमानिक, मी मागची. जाळ्यांचे खुंट कुठे, वाळूचा दांडा कुठे, समोरून होडी येतेय का, सगळं मी बोलायचं. एकदा मी म्हटलं, अब्बा, पाणी किती सुंदर दिसतंय. तुम्ही वसकलात, "सुंदर ऱ्हाऊ दे. डावं सांग की उजवं." उतारू हसले, माझे कान लाल झाले. तेव्हापासून मी मोजकंच बोलते, असं तुमचे जावईसुद्धा म्हणतात. त्यांना हे पत्र दाखवलं तर मत बदलतील.

इथे बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला लायसन्स मिळालं. त्याआधी डाळ संपली तरी यांची ड्युटी सुटायची वाट बघायची. पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाले तेव्हा मला तुमच्यासारखं वाटलं, सुकाणू हातात असल्यासारखं. पण गेल्या थंडीपासून सूर्य मावळून मगरिबची अजान झाली की रस्ता पुसट व्हायला लागला. इथल्या ओलाया भागातल्या डॉक्टरणीने डोळे तपासून सांगितलं की हे वंशातून येतं, हळूहळू वाढतं, सूर्य मावळल्यावर गाडी अजिबात नको. "घर में किसी को था?" तिने विचारलं. मी म्हटलं, "पता नहीं." घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. मुलाला मात्र म्हटलं, चल, विमान-विमान खेळू. तू मागचा माणूस.

गेल्या महिन्यात अल खर्ज गावातल्या मैत्रिणीकडून निघायला उशीर झाला. वाटेत अंधारून आलं. मुलगा शेजारी बसून सांगत होता, "लेफ्ट में ट्रक है. थोडा राइट. स्लो, अम्मी." ट्रकचा भोंगा अगदी कानाशी वाजला आणि मला तो ट्रक दिसलाच नव्हता. थोडं पुढे गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, "पंप पे रोको." मी थांबवली. "ये गेम नहीं है ना? मुझे कब से पता है."

"मग बोलला का नाहीस?"

"आपको गाड़ी चलाना इतना अच्छा लगता है."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, अब्बा. आपल्या हौसेपायी मी पोराचा जीव पणाला लावला होता. त्याने बापाला फोन केला, ते टॅक्सीने आले. आता ऊन कललं, असरची नमाज झाली, की किल्ली त्यांच्या खिशात असते. दिवसा अजून चालवते.

गाजरांचं मात्र डोक्यातून जात नाही. त्या अधिकाऱ्याने तुम्हाला खरं सांगितलंच नाही, की सांगितलं होतं आणि तरीही तुम्ही खात राहिलात? विचारायला तुम्ही नाही आणि हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून घडी घालून मसाल्याच्या डब्याखाली ठेवते आहे. फक्त एक कबूल करते. डॉक्टरणीशी मी खोटं बोलले. तुमच्या डोळ्यांचं मला ठाऊक होतं, लाँचवर खोक्यावर बसायचे तेव्हाच. लाँच हातातून गेली तर तुमचं काय होईल, हे मला त्या वयातही कळत होतं, म्हणून गप्प राहिले. रात्री चुलीपुढे जेवताना तुमचा हात पाण्याचा तांब्या शोधत भलतीकडे जायचा. मी तो हळूच तुमच्या बोटांपाशी सरकवायची. तुम्हाला वाटायचं, तो तिथेच होता.