चाव्यांच्या आवाजामागून

प्रिय घड्याळवाली,

पाकीट पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. पण फाडण्याआधी आतला कागद एकदा उजेडात धर आणि शाई दिसतेय का बघ. दिसत असेल तर पुढे वाच. आज उठल्याउठल्या पेन काठोकाठ भरलंय, ओळी सरळ याव्यात म्हणून ती दोऱ्यांची चौकट कागदावर बसवलीय आणि चहासुद्धा न घेता लिहायला बसलोय. घरमालकीण मघाशी येऊन खांदा हलवून गेली. हल्ली तिला माझ्याशी बोलायचं असलं की आधी खांदा हलवावा लागतो. हाका मारून मारून बिचारीचा घसा बसतो.

बातमी अशी की माझे कान चाललेत. उजवा गेलाच, डावा जायच्या तयारीत आहे. डॉक्टरने नळ्या घालून पाहिलं आणि डाव्या कानाला तोंड लावून बोंबलून सांगितलं, की यावर इलाज नाही, थंडी संपेपर्यंत हाही जाईल. एवढी आनंदाची बातमी जरा हळू सांगितली असती तरी चाललं असतं. तू एकदा चिडून म्हणाली होतीस, की ह्या माणसाचे पाय काही थांबायचे नाहीत, कान थांबतील तेव्हाच हा घरात बसेल. ते आता मनाला लावून घेऊ नकोस. मला ते आठवून हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी आलं.

डोळे गेले तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो. तेव्हा वय लहान होतं, आणि खाली तुमचं घड्याळांचं दुकान होतं. जहाजावरच्या तापाने डोळे घेतले आणि मला आईच्या घरी आणून टाकलं, तेव्हा सगळी गल्ली दयेने नुसती ओथंबत होती. जो तो येऊन कोपराला धरायचा. खुर्चीपासून खिडकीपर्यंत जायचं म्हटलं तरी मामा धावत यायचा. आई म्हणायची, बाळा, तू फक्त बस, काय हवं ते आम्ही आणून देऊ. मला जे हवं होतं ते आणून देण्यासारखं नव्हतं. मग एक दिवस तुझे वडील वर आले, माझी काठी घेऊन गेले आणि टोकाला पोलादाची टोपी बसवून परत आले. फरशीवर आपट, म्हणाले, आणि काय परत येतं ते ऐक. आणि तू? तू माझा हात कधीच धरला नाहीस. कमरेला घड्याळांच्या चाव्यांचा जुडगा अडकवून दोन पावलं पुढे चालायचीस, आणि मी त्या आवाजामागून. वळण आलं की चाव्या खुळखुळवायचीस, पायरी आली की मुठीत धरून गप्प करायचीस. भिंतीवरून आवाज कसा टणकन परत येतो, उघड्या दारातून कसा निघून जातो, रस्त्यात गाडी उभी असली की कसा अडतो, हे सगळं मी तुझ्या मागे चालत शिकलो. टकटक हे नावही तूच ठेवलंस. पुढे माझ्या खऱ्या नावाने मला हाक मारणारं कुणी उरलंच नाही.

मग मी जगभर भटकलो. ते तुला ठाऊकच आहे, कारण परत आलो की मी तुझ्याचपुढे बसून सांगत सुटायचो आणि तू डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडता उघडता ऐकायचीस. तो बर्फाचा मुलूख, जिथे माझ्या बोटांची टोकं थंडीने मेली ती परत काही जिवंत झाली नाहीत. तो आगीचा डोंगर, ज्याच्या पोटातली धडधड तळपायांना कळायची आणि वाटाड्या मागून माझा सदरा धरून रडकुंडीला आला होता. लोक विचारायचे, दिसत नाही तर एवढं फिरून मिळतं काय? त्या भूगोल-मंडळाच्या विद्वानांनी तर भर सभेत विचारलं, की आपण अमुक पाहिलं असं लिहिता, ते कुठल्या अर्थाने? मी म्हटलं, तुम्ही ऐकून घेतलं असं म्हणता, त्याच अर्थाने. सभा हसली, पण सभासद काही करून घेतलं नाही.

एकाच ठिकाणी मी खरा आंधळा झालो होतो. वाळवंटात. वाळूवर काठी आपटली की ती नुसती रुतते, आणि समोरून काही म्हणजे काही परत येत नाही. तांड्यापासून जरा बाजूला गेलो आणि मला पुढे-मागे काहीच उरलं नाही. तिथेच बसकण मारली आणि लहान मुलासारखा ओरडत राहिलो, तेव्हा उंटवाल्याने येऊन शोधलं. हे पुस्तकात घातलं नव्हतं, तुलाही सांगितलं नव्हतं. आता सांगतो, कारण ते वाळवंट माझ्या खोलीत आलंय. खोली तीच, बंदराजवळची, तिसऱ्या मजल्यावरची. खाली पिंपं गडगडत असतात म्हणे, भोंगे वाजत असतात. काठी आपटतो ती हाताला कळते, बाकी सगळं गप्प. मागे एकदा मासेवालीच्या हातगाडीवर जाऊन आदळलो. तिने आधी शिव्या घातल्या असणार, मग ओळखलं असणार, कारण तिने माझा कोपर धरला आणि घरापर्यंत आणून सोडलं. मी तो सोडवून घेतला नाही. तेव्हापासून मी खाली उतरलेलो नाही.

आता पुस्तकाचं. आधीच्या दोन्ही पुस्तकांचा कच्चा मजकूर तू मला वाचून दाखवला होतास, मध्येमध्ये थांबून खोड्या काढत, की हा डोंगर मागच्या पानावर एवढा उंच नव्हता. ह्या तिसऱ्या वेळी तुला एकदम छापील प्रतच हातात द्यावी अशी हौस होती. शेवटचा मोठा प्रवास, सगळा त्यात घालायचा होता. सकाळी पेन भरायचं आणि जेवणापर्यंत लिहायचं. शाई संपली की पेनाचं टोक कागदावर चरचरतं, ते मला नेहमी ऐकू यायचं. बोटांना तर काही कळतच नाही, सगळा भरवसा त्या चरचरण्यावर. ते ऐकू यायचं कधी बंद झालं, हे मला कसं कळणार? मला वाटायचं, वा, काय शाई पुरतेय!

प्रकाशक सज्जन माणूस आहे. त्याने स्वतः येऊन कागदांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला, डाव्या कानाशी वाकला आणि म्हणाला, साहेब, पानं बरीचशी कोरी आहेत. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मग त्याने शाई असलेली पानं ओरडून वाचून दाखवली. रोजच्या सकाळची तेवढी उमटलेली. बंदरावर उतरलो आहे, वाटाड्या ठरवला आहे, बूट बांधले आहेत, आणि पुढे पांढरं. दुसरं बंदर, दुसरा वाटाड्या, पुन्हा पांढरं. सगळा प्रवास म्हणजे नुसती निघायची तयारी. तो म्हणाला, पुन्हा तोंडी सांगा, माझा कारकून उतरवून घेईल. कारकून आला, बसला, मी तोंड उघडलं, आणि काही आठवेना. म्हणजे गावांची नावं आठवत होती, पण गावं येत नव्हती. मी जग पाहिलं ते आवाजांत पाहिलं, आणि कानाबरोबर ते आवाजही आतून चाललेत. कोणता घाट कसा वाजायचा ते मला आता आठवत नाही. दोन दिवसांनी मीच कारकुनाला येऊ नको म्हटलं. मला भीती वाटते, आणि ती कुणाला सांगावी अशी इथे कुणी नाही.

प्रकाशक गेल्यावर गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा एकदम ध्यानात आलं. तुला पत्रं मी जेवणानंतर लिहायचो, पुस्तकाचं काम उरकल्यावर, त्याच पेनाने. पाकिटावर पत्ता घरमालकीण घालते, म्हणजे ती पोचली हे नक्की. पानं गळत होती त्या दिवसांत मी तुला विचारलं होतं, की आमची ती दुकानावरची खोली, आई गेल्यापासून तू जिथे बिघडलेली घड्याळं ठेवतेस, ती मला राहायला देशील का? बाकीचे दिवस तिथेच काढीन म्हणतो. तुझं उत्तर आलं. घरमालकिणीने ते कानाशी वाचलं, समजलं, सुखी राहा. तेवढंच. मी इतका चिडलो की पुढची पत्रं नुसती भांडायला लिहिली. ती तर झाडून सगळी कोरी गेली असणार, माझी इतकी चांगली भांडणं फुकट गेली! त्यानंतर तुझं काही आलं नाही.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीभोवती फिरतोय. तुला कोरा कागद मिळाला आणि ह्याच्याकडे आता माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही असं समजून तू ते लिहिलंस, असं एक मन म्हणतं. पण तू घड्याळवाली आहेस. डोळ्याला भिंग लावून कागद तिरपा धरलास, तर कोरड्या टोकाचे ओरखडे तुला दिसणारच. मग तू माझा प्रश्न अक्षर न् अक्षर वाचलास, आणि उत्तर दिलंस. दोन्ही मनांना मी सारखंच मानतो. तुझा राग येत नाही, तू कधी मला थांब म्हटलं नाहीस आणि मी कधी तुला चल म्हटलं नाही, तेव्हा हिशेब असा काही नाहीच.

घरमालकीण म्हणते, पत्र एकदा नजरेखालून घालते, नीट उमटलंय का बघते. मी नको म्हटलंय. आतापर्यंत मध्येमध्ये थांबून पेन भरत आलो, पण हा शेवटचा मजकूर लिहिण्याआधी भरलेलं नाही. मुद्दाम. ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते असं, की मला न्यायला ये. जगभर फिरलो, पण हे वाक्य मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. थंडी संपायच्या आत ये, म्हणजे दुकानातली घड्याळं ह्या डाव्या कानाला थोडीफार ऐकू येतील, आणि तुझा आवाज. दार वाजवू नकोस. चाव्याही आता चालायच्या नाहीत, सरळ आत ये आणि हात धर. आणि आली नाहीस, तर इथे शाई संपली होती असं मी धरून चालेन. कधी कुणी विचारलंच, तर तूही तसंच सांग.

तुझाच,
टकटक