पुंगळीचा खांदा

शारजा, रविवार

प्रिय केया,

बाबांचं पत्र बघून तू हसशील. 'जस्ट कॉल मी' म्हणशील. पण फोनवर हे मला जमलं नसतं.

गेल्या महिन्यात तू सुट्टीला आलीस तेव्हा आमच्या नेमबाजी क्लबच्या वर्कशॉपमध्ये केवढा गोंधळ होता! स्पर्धा चार दिवसांवर, आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून केलेली काडतुसं रायफलमध्ये घट्ट बसत होती. रायफल मागून बंद करणारा बोल्ट मिटता मिटेना. पुंगळ्या प्रेसवर दाबून मापात आणतो तो तहसीन, म्हणून सगळे त्याच्यावरच घसरले. "उपेंद्रभाई, मैंने तो सब ठीक किया," एवढंच तो म्हणत राहिला. मी लांबी मोजली, ती बरोबर होती. मग मी रायफलींना नावं ठेवली.

तू एक रिकामी पुंगळी मागून घेतलीस आणि काळ्या मार्करनं रंगवलीस. तहसीननं ती मोकळ्या रायफलमध्ये घातली, जोर लावून बोल्ट मिटवला आणि बाहेर काढली. पुंगळी जिथे निमुळती होते त्या खांद्यावरची शाई घासून पितळ चमकत होतं. "लेंग्थ इज फाइन, बाबा. लुक ॲट द शोल्डर." पुंगळीला आकार देणारा प्रेसमधला साचा, ती डाय, पुरेशी खाली बसवलेली नव्हती, म्हणून खांदा मागे जातच नव्हता. फरक कागदाच्या जाडीएवढा. आम्ही तीन दिवस डोकं खाजवत होतो गं! इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरची पोर तू, पण जराही मिरवलं नाहीस. माझा ऊर भरून आला होता.

पण ती डाय मी बसवली होती. सेटिंगच्या रजिस्टरमधली माझी सही तू वाचलीस, रजिस्टर मिटलंस आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणालीस, "यू टेल देम, बाबा."

मी डाय नीट बसवली, नवी काडतुसं झाली, स्पर्धा पार पडली. क्लबचे मॅनेजर विजयकुमार सर, त्यांना मात्र "सेटिंग हललं होतं" एवढंच सांगितलं. वॉर्निंग लेटर तहसीनला मिळालं. आणखी एक आलं असतं तर त्याची नोकरी खलास.

पुण्याला गेल्यापासून तू प्रत्येक फोनवर विचारतेस, "तहसीन अंकल कसे आहेत?" त्यापुढे एक शब्द नाही. एवढा संयम कुठून आणलास? मी दर वेळी विषय बदलला. आज सकाळी सरांना सगळं सांगितलं. तहसीनचं लेटर रद्द झालं, माझ्या नावाचं निघालं. तो अजून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पण शुक्रवारी फोन करशील तेव्हा विचार त्याच्याबद्दल. या वेळी मी उत्तर देईन.

तुझाच,
बाबा