बाबांचा पंखा कॉम्प्युटरला

चि. धाकटेसाहेब यांस,

ताईचे आशीर्वाद. (जुनेच आहेत, पण तुझ्या कॉम्प्युटरसारखे मध्येच बंद पडत नाहीत.) तुझी, बायकोची आणि कुत्र्याची तब्येत उत्तम असेलच. आमची तू विचारायच्या आधीच सांगून टाकते, बरी आहे.

तू जाताना मागे ठेवलेला तो कॉम्प्युटरचा डबा रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझा चेहरा दिसू लागला की तापतो आणि अकराव्या मिनिटाला बंद पडतो. (तापते मीही, पण मला बंद पडायची सोय नाही.) दुरुस्तीवाला म्हणाला, आतला पंखा गेलाय, नवीन मशीन घ्या. तू म्हणालास, "घेऊ नका, मी आल्यावर बघतो." त्याला दोन वर्षं झाली. तोवर झाकण काढून ठेवा, हाही सल्ला तुझाच. काढलं, तर आत पालीनं संसार थाटला. मग बाबांच्या उशाचा पंखा डब्याकडे वळवला. बाबा घामानं निथळतायत आणि साहेब वारा खातायत! तेवढ्यानं भागेना, तेव्हा बाबांनीच सूत्रं हाती घेतली. चाळीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस, एका डब्याला काय भिणार? शेकायच्या रबरी पिशवीत बर्फ भरून त्याच्या डोक्यावर ठेवला. पिशवी गळकी निघाली आणि घरातली वीज गेली. शेवटी दूध, भाजी बाहेर काढून डबाच फ्रिजमध्ये बसवला, मॉनिटर ओट्यावर, आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून समोर स्टुलावर. माझं दूध नासलं, पण अकराची चौदा मिनिटं झाली. त्या वाढीव तीन मिनिटांत तू काय सांगितलंस? कुत्र्याच्या खोलीत एसी बसवला. बाबा म्हणाले, "बरं केलंस रे, मुक्या जिवाला उकडतं." मी नासलेलं दूध ओतायला गेले. तेव्हा राग आला होता, तो अजून आहे.

हे पत्र मुद्दाम हातानं लिहिलंय. कागद तापत नाही.

तुझी,
ताई

ता. क. : नवा पंखा कुरियरनं पाठवतोयस म्हणे. पाठवू नकोस. तूच ये. स्क्रू ड्रायव्हर घरात आहे.

आणखी एक : परवाच्या रविवारी कॉम्प्युटर तीन तास चालला, जराही तापला नाही. तुझा फोनच आला नव्हता. बंद करू का म्हणून विचारलं, तर बाबांनी फ्रिजमध्ये हात घालून डबा चाचपला आणि म्हणाले, "राहू दे. अजून गार आहे."