ऐंशी अक्षरांत न मावलेला माणूस

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१७ मे १९९९

चि. नाथास,

ताईचे आशीर्वाद. थोरल्या बहिणीने तेवढं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. तुझा बर्फातला फोटो सगळ्या आळीला दाखवून झाला. टोपी छान आहे. झालं. आता ऐक.

ई-मेल केला नाही, कारण ऑफिसातल्या मशीनवर सर सगळ्यांचं वाचतात. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा बाबा रिसीव्हर सोडत नाहीत. "सगळं झ्याक हाय, तू तुझं काम कर," म्हणतात. काही झ्याक नाही. तेवीस एप्रिलपासून बाबांना सस्पेंड केलंय. डोंबिवलीच्या त्या रंगाच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, आणि रिटायर व्हायला आठ महिने उरले असताना वॉचमनने गेटवर त्यांची पिशवी तपासली. अजूनही सकाळी सातला डबा मागतात. आई भरून देते. तलावपाळीवर बसून खातात आणि परत येतात.

हे सगळं तुझ्या प्रोग्राममुळे. तू विसरला असशील, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

फॅक्टरीच्या जर्मनीतल्या ऑफिसातून माल सोडायचा हुकूम कॉम्प्युटरवर येतो, सोबत पाठवणाऱ्याचं डिजिटल सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्रच. त्यातलं नाव मशीनलाच कळेल अशा रूपात असतं. ते माणसाला वाचता येईल अशा एका ओळीत लिहायचं, एवढंच तुझ्या सी प्रोग्रामचं काम. आणि हे काम आपल्या नौपाड्यातल्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसला आणून दिलं कुणी? बाबांनी. फॅक्टरीच्या साहेबासमोर उभं राहून म्हणाले होते, "माझा पोरगा करतो हे." हुकूम फक्त तिथल्या तपासणी खात्याच्या मुख्य बाईंचा मानायचा, बाबांनी स्क्रीनवर त्यांचं नाव वाचायचं आणि मगच ड्रम सोडायचे, असं ठरलेलं.

त्या ओळीत आधी देश येतो, मग राज्य, शहर, कंपनी, खातं, आणि माणूस सगळ्यात शेवटी. त्यांच्या कंपनीचं नाव हातभर, खात्याचं त्याहून लांब. तू जागा ठेवलीस ऐंशी अक्षरांची, का, तर स्क्रीनची ओळ तेवढीच. जागा भरली की ओळ लिहून देणारं ते तयार फंक्शन पुढचं गुपचूप सोडून देतं. मेला प्रोग्राम निदान कोसळला असता तर बरं झालं असतं, कुणीतरी विचारलं असतं. पण तो साळसूदपणे चालत राहिला. ऐंशी अक्षरांत अख्खी जर्मनी मावली, माणूस तेवढा मावला नाही.

एप्रिलमध्ये त्याच खात्यातल्या एका नव्या कारकुनाने नापास झालेल्या रंगाचे साठ ड्रम सोडायचा हुकूम चुकून पाठवला. बाबांच्या स्क्रीनवर ओळ रोजचीच दिसली. त्यांनी ड्रम सोडले. भिवंडीत कुणाच्या तरी कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला, आणि बाबा घरी बसले.

मी मॅन्युअल काढून वाचलं. आपण जागा ठरवून दिलीच नाही, तर ते फंक्शन लागेल तेवढी जागा स्वतः घेतं. फक्त काम झाल्यावर ती आठवणीने मोकळी करावी लागते. एक ओळ जास्त लिहायची, नाथा. एका ओळीचा तुला कंटाळा आला!

आणि चौकशीत बाबा काय म्हणाले माहीत आहे? "नाव होतं, माझ्या चष्म्यातून दिसलं नाही." लेखी दिलंय. साहेबाला ते सोयीचंच आहे. आपले सर म्हणतात, आमची टेस्ट शीट स्वच्छ आहे.

त्या शीटवर सही माझी आहे. इतका वेळ मी असं लिहितेय, जसं काही मी तिथे नव्हतेच. मी आपल्याच नावांची सर्टिफिकेटं बनवून तपासलं होतं. देश भारत, गाव ठाणे, नाव मंजुळा. सगळं मावलं, मी सही ठोकली.

ते एक वेळ अज्ञान म्हण. पण डिसेंबरातलं जेवण आठव. बाबांनी विचारलं होतं, "नाव कुठं हाय रे? लाईन तं खात्यावरच तुटते." तू मांदेलीचा काटा काढत म्हणालास, "खातं दिसलं ना, बस्स. आता व्हिसाच्या गडबडीत मी ते परत उघडत नाय." मी समोरच बसले होते. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी बाबांना भात वाढला. ते उघडलं असतं तर सगळं नव्याने तपासावं लागलं असतं, तुझी जायची तारीख हुकली असती, आणि आईने सगळ्यांना तारीख सांगून ठेवली होती. तुझा राग येतो तेव्हा तो भात आठवतो आणि माझाच जास्त राग येतो.

सात जूनला चौकशीची शेवटची तारीख आहे. काल बाबांनी मला प्रोग्रामची प्रिंट पिशवीत भरताना पाहिलं. म्हणाले, "मंजुळे, पोराचं नाव त्या कागदावर गेलं तर या घरात पाय ठेवू नको." आई मधे पडली नाही.

मी जाणार आहे. तू फॅक्स कर, नंबर पत्राच्या मागे लिहिलाय. स्वतःच्या हाताने लिही, की ओळ तुटते हे बाबांनी सांगितलं होतं आणि मी दुरुस्त केलं नाही. तुझा कागद आला तर तुझा आणि माझा असे दोन देईन. नाही आला तर माझा एकच देईन, त्यात दोघांची नावं असतील. फोनवर बाबांना काही विचारू नकोस, ते चष्माच सांगतील. टेस्ट शीटवर कुणाची सही आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ते खोटं त्यांनी आपल्या दोघांसाठी लिहून दिलंय, आणि मी ते तसं राहू देणार नाही.

तुझी,
सात तारखेनंतर कुठे राहणार ते माहीत नसलेली,
मंजुळाताई