सबिनासाठी फावडं कोणी धरायचं

प्रिय डिम्फ्ना,

अनेक आशीर्वाद. प्लास्टरमधला पाय आता कमी ठणकत असेल, आणि लिव्हरपूलची हवा (तू तिला हवा म्हणतेस) सोसत असेल. तुझ्या सबिनाताईला मंगळवारी नीट पोचवलं. तुला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो. बोलणं मला कुठे जमतं?

ती गेली त्या सकाळी धुकं उतरलं, ते उठलंच नाही. त्यातून माणसं जणू समुद्रातूनच वर येत होती. आलेला प्रत्येक जण तिच्यापाशी बसे, चहा घेई आणि आपलं नातं सांगे. पेगमावशी चुलीशी बसून निवाडा करत होती: सख्ख्या भावंडांची मुलं पहिल्या फळीतली, त्या मुलांची मुलं एकमेकांना दुसऱ्या फळीतली, आणि पहिल्या फळीतल्याचं पोर आलं तर एक पायरी खाली. टोमास (कोंबड्यांवरून याचा सबिनाशी कित्येक वर्षं अबोला) तिसऱ्या फळीत बसला आणि खांदा द्यायचा मान घेऊन मोकळा झाला. मी आपला कपबशा विसळत होतो.

मग फादरनी विचारलं, कबर कोण खणतंय? सगळ्यांनी कप तोंडाला लावले. आपल्यात रक्ताच्या माणसाने फावडं धरायचं नाही, ते शेजाऱ्यांचं काम. आणि मावशीने तर अख्खं गाव रक्तात ओढलेलं. टोमासला म्हटलं, तू तेवढं नातं सोड.

"माझी होडी माग, देतो," तो म्हणाला. "सबिनाचं नातं नाही सोडणार."

कोणीच सोडेना. शेवटी मावशी माझ्याकडे वळली. "फेस्टी, तू तिचा कोण रे?"

"नवरा."

"ते माहितेय. रक्ताचा कोण?"

मी खाडीपलीकडचा. म्हटलं, "कोणी नाही."

"मग ठेव ती कपबशी आणि फावडं घे."

माती वाळूची, भुसभुशीत. दफनभूमीच्या भिंतीपलीकडे सगळी नात्यातली माणसं धुक्यात उभी राहून मला खोली सांगत होती. दिसत एकही नव्हतं. खणता खणता वाटलं, परसात बटाट्याचा वाफा करतोय आणि सबिना आत्ता म्हणेल, वाकडा झाला. कोणी म्हणालं नाही. (थोडा झालाय.)

पायाला जप.

फेस्टी

ता. क. टोमासने काल अंडी आणून दिली. घेतली.

आणखी ता. क. मावशी म्हणते, लग्नाचं नातं मधलं माणूस असेतोवरच. आता मी गावाचा नुसता शेजारी. म्हणजे इथून पुढच्या सगळ्या कबरी माझ्याच गळ्यात. तेव्हा एकच मागणं आहे. उत्तरात मला भावोजी म्हण. पाकीट नको, पोस्टकार्ड टाक. पोस्टातली ब्रीजी वाचून गावभर सांगेल.